फरशीला टाइल्स किती लागतील? काउंटरवर रोज विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात फोंड्याला टाइल्सच्या दुकानात काउंटरवर बसतो. मे महिना लागला की चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आधी फरशी बदलून घेणाऱ्यांची गर्दी सुरू होते. कुणी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर माप लिहून आणतं, कुणी हातावर पेनाने. प्रश्न मात्र फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. उदाहरणांतल्या खोल्या मनाच्या आहेत. गणित खरं आहे, टेप घेऊन ताडून बघा.

खोलीची लांबी-रुंदी सांगितली तर किती टाइल्स लागतील ते लगेच सांगाल का?

सांगतो. लांबी गुणिले रुंदी केली की खोलीचं क्षेत्रफळ येतं. त्याला एका टाइलच्या क्षेत्रफळाने भागायचं. उत्तर अपूर्णांकात आलं तर पुढचा पूर्ण आकडा धरायचा, कारण पाऊण टाइल कुणी विकत नाही. ११ फूट बाय १० फूट खोली म्हणजे ११० चौरस फूट. त्यात ६०० बाय ६०० मिलिमीटरच्या टाइल्स २८.४ बसतात, म्हणजे २९.

पण २९ हा 'याहून कमीत भागणार नाही' असा आकडा आहे. नेमक्या किती लागतील ते मांडणी ठरवते. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय, तेवढं तरी वाचाच.

माप फुटात घ्यावं की मीटरमध्ये?

कशातही घ्या, दोन्हींची खिचडी करू नका. टाइलची मापं मिलिमीटरमध्ये असतात, म्हणून मीटरमध्ये घेतलेलं बरं. घरातल्या वडीलधाऱ्यांना फुटातच बोलायची सवय असते, तर तसंही चालेल. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट, एवढं पाठ असू द्या.

फुटात मोजलं की एक चूक हमखास होते. ९ फूट ११ इंच हे माप '९.११' असं लिहितात आणि ते तसंच्या तसं कॅल्क्युलेटरमध्ये घालतात. फुटाचे इंच १२ असतात, १० नव्हेत. ९ फूट ११ इंच म्हणजे ९.९२ फूट. चारही बाजू ९ फूट ११ इंचांच्या असल्या तर खरं क्षेत्रफळ ९८ चौरस फुटांच्या वर जातं, '९.११'च्या हिशोबाने ते ८३च येतं. पंधरा चौरस फुटांची तूट, म्हणजे जवळजवळ एक अख्खा बॉक्स. तो कमी पडल्याचं कधी कळतं? मिस्त्री शेवटच्या ओळीला लागला की.

उपाय साधा आहे. इंचांना १२ने भागा आणि फुटांत मिळवा. ६ इंच म्हणजे ०.५, ९ इंच म्हणजे ०.७५. किंवा सरळ सगळं इंचांत मोजून गुणाकार करा आणि शेवटी १४४ने भागा.

दोन बाय दोनची टाइल म्हणजे चार चौरस फूट ना?

नाही. 'दोन बाय दोन' हे बोलण्यातलं नाव झालं. टाइल असते ६०० बाय ६०० मिलिमीटरची, आणि दोन फूट भरतात ६०९.६ मिलिमीटर. बाजूला एक सेंटिमीटरभर कमी, तेव्हा वाटतं की फरक तो काय? पण टाइलचं क्षेत्रफळ ४ नसून ३.८७५ चौरस फूट भरतं. हजार चौरस फुटांच्या घराला चारच्या हिशोबाने २५० टाइल्स येतात, खऱ्या लागतात २५९. नऊ टाइल्स, म्हणजे सव्वादोन बॉक्स. आणि त्यात अजून कटिंग धरलेलंच नाही.

'दोन बाय चार'चंही तेच. ६०० बाय १२०० मिलिमीटरची टाइल आठ नव्हे, ७.७५ चौरस फुटांची. अंगणात नि बाथरूममध्ये लावतात ती फूटभराची टाइल ३०० बाय ३०० असते, तिचे ०.९७ चौरस फूट. ८०० बाय ८०० घेतलीत तर ६.८९.

एका बॉक्समध्ये किती येतात? बॉक्सवर १.४४ लिहिलंय ते काय?

ते बॉक्समधल्या सगळ्या टाइल्सचं मिळून क्षेत्रफळ, चौरस मीटरमध्ये. ६०० बाय ६०० च्या चार टाइल्स किंवा ६०० बाय १२०० च्या दोन, दोन्हींचे १.४४ चौरस मीटर होतात, म्हणजे साडेपंधरा चौरस फूट. एकूण क्षेत्रफळाला १५.५ने भागलं की बॉक्स निघतात. १६ने भागणारे दुकानदारही मी पाहिलेत. सगळ्या मापांच्या बॉक्समध्ये नग सारखे नसतात, तेव्हा बॉक्सवरचं वाचून घ्या.

वेस्टेज किती टक्के धरायचं?

सरळ मांडणीला दहा टक्के, असं सगळेच सांगतात. आम्हीही सांगतो, कारण काउंटरवर गर्दी असली की तेवढंच जमतं. पण टक्केवारी हा अंदाज झाला. वेळ काढून कागदावर टाइल्स मांडून बघा, मग कळतं की एकाच खोलीला दोन वेगवेगळी उत्तरं येतात.

तीच ११ बाय १० फुटांची खोली घेऊ. मिलिमीटरमध्ये ३३५३ बाय ३०४८. टाइल ६००, सांधा २, म्हणजे एका टाइलला जागा ६०२.

पहिली मांडणी, एका कोपऱ्यापासून सुरुवात. १० फुटांच्या बाजूला पाच पूर्ण टाइल्स बसतात आणि भिंतीशी ३८ मिलिमीटरची, म्हणजे जेमतेम दोन बोटांची चीप उरते. ११ फुटांच्या बाजूलाही पाच पूर्ण आणि वर ३४३ मिलिमीटरची ओळ. पूर्ण टाइल्स झाल्या २५. ३४३च्या ओळीला आणखी पाच कापायच्या, त्यांचे २५७ रुंदीचे पाच तुकडे उरतात. त्यातल्या एकाच तुकड्यातून ३८च्या सगळ्या पट्ट्या निघतात. एकूण ३०.

आता बायको म्हणते, ती भिंतीशी दोन बोटांची पट्टी कसली घाणेरडी दिसते, आणि बरोबर म्हणते. शिवाय एवढी अरुंद पट्टी कापताना तुटते ती वेगळीच. मग मिस्त्री खोलीचा मध्य धरून मांडतो: मध्ये चार पूर्ण आणि दोन्ही भिंतींशी ३२०-३२० चे तुकडे. दिसायला झकास. पण ३२० आणि ३२० मिळून ६४० होतात, टाइल आहे ६००ची. एका टाइलमधून दोन्ही तुकडे निघत नाहीत, प्रत्येकाला नवी टाइल फोडावी लागते. मोजा: पूर्ण २०, बाजूच्या दोन ओळींना १०, वरच्या ओळीला ४ आणि दोन कोपऱ्यांना २. एकूण ३६.

खोली तीच, टाइल तीच, एकदा ३० आणि एकदा ३६. दहा टक्के धरले असते तर ३२ आल्या असत्या, आणि मध्य धरून मांडणाऱ्याला त्या पुरल्या नसत्या.

म्हणून आमचं म्हणणं असं: आधी दोन्ही बाजूंना ६०२ने भागून बाकी किती उरते ते बघा. बाकी अर्ध्या टाइलच्या वर असेल तर कोपऱ्यापासून सुरू केलेलंही चांगलं दिसतं. बाकी अगदीच थोडी असेल तर मध्य धरायला लागणार, मग त्या बाजूची ओळ जास्त धरून चाला. मोठ्या हॉलमध्ये हे फारसं जाणवत नाही, कारण कडेच्या कापलेल्या टाइल्स मधल्या अख्ख्या टाइल्सच्या मानाने थोड्या असतात. बाथरूम, देवाची खोली, पॅसेज यांत मात्र जिकडेतिकडे कडाच कडा, तिथे दहा टक्के हमखास कमी पडतात.

स्कर्टिंगला वेगळ्या टाइल्स घ्यायच्या का?

स्कर्टिंग म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी बसणारी पट्टी. ती क्षेत्रफळावर काढू नका, लांबीवर काढा. चारही भिंतींची बेरीज करून त्यातून दारं वजा करा. वरच्या खोलीच्या भिंती ४२ फूट, एक तीन फुटांचं दार गेलं की ३९ फूट. ६०० च्या एका टाइलमधून साधारण ९८ मिलिमीटर उंचीच्या सहा पट्ट्या निघतात, म्हणजे पावणेबारा फूट लांबी. अख्ख्याच कापायच्या म्हटलं तर चार लागतील.

पण वरचे उरलेले तुकडे आठवा. मध्य धरलेल्या मांडणीत बाजूच्या दहा टाइल्सचे २८० रुंदीचे दहा तुकडे पडून आहेत. एकेकातून दोन पट्ट्या काढल्या की वीस झाल्या, म्हणजे ३९ फुटांच्या किंचित वर. स्कर्टिंग फुकटात निघालं! कोपऱ्यापासूनच्या मांडणीत २५७चे चारच तुकडे शिल्लक असतात, त्यांच्या आठ पट्ट्या होतात, म्हणून आणखी दोन टाइल्स फोडाव्या लागतात. तेव्हा स्कर्टिंग धरून हिशोब ३६ विरुद्ध ३२, म्हणजे नऊ बॉक्स विरुद्ध आठ. दोन्हींत फुटतुटीला एक बॉक्स वर घ्या.

मिस्त्रीला हे आधी सांगून ठेवा. नाहीतर तुकडे संध्याकाळी मातेऱ्याबरोबर टेम्पोत जातात.

तिरकी मांडणी केली तर?

पंधरा टक्के धरा, खोली लहान असेल तर वीस. कडेची प्रत्येक टाइल तिरकी कापली जाते आणि उरलेला त्रिकोण दरवेळी दुसरीकडे बसतोच असं नाही. दहा बाय दहाच्या खोलीत तिरकी मांडणी करू नये, असं माझं प्रामाणिक मत आहे. खोली आणखी लहान वाटते.

आमचं घर जुनं, चिऱ्याचं. एकही खोली काटकोनात नाही. क्षेत्रफळ कसं काढायचं?

आधी खरंच वाकडी आहे का ते बघा. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फुटांवर खूण करा, दुसरीवर ४ फुटांवर. दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट आलं तर कोपरा काटकोनात. किंवा समोरासमोरच्या कोपऱ्यांमध्ये दोन्हीकडून दोरी ताणा. समोरासमोरच्या भिंती सारख्या लांबीच्या असून दोऱ्या सारख्या भरल्या तर चिंता नाही.

वाकडी निघाली तर एक कर्ण पकडा. खोलीचे दोन त्रिकोण होतात. कर्णाची दोरी जमिनीवर ताणलेलीच ठेवा आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांपासून तिच्यावर गुण्या लावून लंब मोजा. समजा कर्ण १७ फूट, एका बाजूचा लंब ८, दुसरीकडचा साडेसात. दोन्ही लंबांची बेरीज १५.५, गुणिले १७, भागिले दोन: १३१.७५ चौरस फूट.

एवढी खटपट नको असेल तर समोरासमोरच्या भिंतींची सरासरी काढून दोन्ही सरासरींचा गुणाकार करा. ही रीत फार जुनी. इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने तिला 'स्थूल' फल म्हटलं होतं, म्हणजे ढोबळ. ती कधीच कमी उत्तर देत नाही, दिलं तर थोडं जास्तच देते. टाइल्स विकत घेणाऱ्याला आणखी काय हवं? फक्त मजुरीचं बिल त्या आकड्यावर देऊ नका.

वाकड्या खोलीत एका भिंतीशी तुकडे एका टोकाला रुंद नि दुसऱ्या टोकाला अरुंद होत जातात. ती भिंत कुठली ठेवायची ते तुम्ही ठरवा: कपाटामागची, दाराच्या समोरची नव्हे.

राजांगण, म्हणजे घराच्या मधोमध उघडा चौक आहे, भोवतीच्या पडवीला टाइल्स घालायच्यात.

बाहेरच्या चौकोनातून आतला चौकोन वजा करा. बाहेरून २४ बाय २२, राजांगण १४ बाय १२, तर ५२८ वजा १६८, म्हणजे ३६० चौरस फूट. चार बाजूंच्या चार पट्ट्या भिंतीपासून भिंतीपर्यंत वेगळ्या मोजून बेरीज करणारे बरेच असतात. पडवी पाच फूट रुंद आहे, त्यांची बेरीज ४६० येते. कारण चारही कोपरे दोनदा मोजले गेले. शंभर चौरस फूट, साडेसहा बॉक्स, तेही उगाच.

एल आकाराच्या हॉलचंही असंच. दोन आयत करा, पण मधला कोपरा कुठल्या तरी एकाच आयतात धरा.

तुळशीभोवती गोल ओटा आहे. त्याला किती?

मध्यापासून कडेपर्यंत तीन फूट असेल तर ३.१४ गुणिले ३ गुणिले ३, म्हणजे सव्वाअठ्ठावीस चौरस फूट. आणि हा आकडा खरेदीला बिनकामाचा. गोल कापताना कोपरे वाया जातात, म्हणून ज्या चौकोनात तो गोल बसतो त्या ६ बाय ६ चौकोनाएवढा, म्हणजे ३६ चौरस फुटांचा माल घ्या. वृंदावनाखालची जागा फार तर वजा करा. इथे लहान टाइल घेतलीत तर कडेचा गोल नीट येतो. खरखरीत घ्या मात्र. पावसात गुळगुळीत टाइलवर शेवाळ धरलं की सकाळी पाणी घालायला गेलेलं माणूस पाय घसरून आपटायचं.

दाराखालच्या जागेचं काय?

बहुतेक जण विसरतात ते हेच. खोली आतून मोजली की भिंतीच्या जाडीत येणारा दाराखालचा भाग कुठल्याच खोलीत धरला जात नाही. विटांच्या नव्या फ्लॅटमध्ये तो नगण्य. चिऱ्याच्या जुन्या घरात भिंत दीड फूट जाड असली की तीन फुटांच्या एका दाराखाली साडेचार चौरस फूट जमीन असते. अशी सात दारं असतील तर ३१ चौरस फुटांच्या वर, म्हणजे दोन बॉक्स. तिथे ग्रॅनाइटची पट्टी बसवणार असाल तर सोडून द्या.

बाथरूमला उतार असतो, त्याने क्षेत्रफळ वाढतं ना?

वाढतं, पण आठ फुटांत एक इंच उतार दिला तर लांबी इंचाच्या दोनशेव्या भागाएवढी वाढते. विसरा.

सांध्यात ग्राउट भरायचं, मग टाइल्स कमी लागतील का?

दोन मिलिमीटरचा सांधा ठेवला तर दीडशे टाइल्सला एक वाचते. सांधा वाचवायला मात्र जाऊ नका. टाइलला टाइल चिकटवून बसवली तर उन्हाने फुगायला जागा राहत नाही आणि एक दिवस मधलीच उचलून वर येते.

जिन्याचं क्षेत्रफळ कसं काढू?

काढू नका, तुकडे मोजा. साडेतीन फूट रुंद पायरीवर ६०० ची एक टाइल पुरत नाही, जोड द्यावा लागतो. पायरीच्या दोन पट्ट्यांना एक अख्खी टाइल जाते. उभ्या भागाची उंची १७० मिलिमीटर असेल तर एका टाइलच्या तीन पट्ट्या होतात आणि एका पायरीला दोन लागतात. अठरा पायऱ्यांना १८ आणि १२, मिळून ३०. क्षेत्रफळाने काढल्या असत्या तर २४च आल्या असत्या. जिन्याला अख्ख्या लांबीचा ग्रॅनाइट किंवा कडप्पा घ्या असं मी टाइल्स विकणारा असूनही सांगतो. पायरीच्या मधोमध जोड असलेला जिना बघवत नाही.

जुन्या घरातल्या नक्षीच्या सिमेंटच्या लाद्या तशाच नव्या घालायच्यात.

त्या बहुतेक २० बाय २० सेंटिमीटरच्या असतात, चौरस मीटरला बरोबर २५. पण आधी एक लादी उचलून मोजा. नक्षी चार लाद्यांत मिळून पूर्ण होत असेल तर दोन्ही बाजूंना सम संख्या येते का तेही बघा, नाहीतर भिंतीशी अर्धंच फूल उरतं. कडेची वेगळी पट्टी असेल तर ती परिमितीवर, स्कर्टिंगसारखी मोजा. आणि जुन्या लाद्या चांगल्या असतील तर काढूच नका. घासून पॉलिश करून घ्या.

मिस्त्री म्हणतो तेवढे बॉक्स घ्यावेत का?

मिस्त्रीला अनुभव असतो, त्याचं ऐकाच. फक्त त्याने कुठली मांडणी मनात धरली आहे ते विचारा. सिमेंट कालवण्याआधी टाइल्सची एक आडवी आणि एक उभी ओळ कोरडी मांडून दाखवायला सांगा. दहा मिनिटांचं काम. जो कुरकुरतो त्याच्याकडून मी माझी फरशी घालून घेणार नाही.

चार-पाच कमी पडल्या तर नंतर मिळतील ना?

डिझाइन मिळेल, रंग मिळेलच असं नाही. आपल्याकडचा बहुतेक माल गुजरातेतल्या मोरबीहून येतो, आणि प्रत्येक भट्टीचा रंग केसभर वेगळा उतरतो. बॉक्सवर बॅच आणि शेडचा नंबर छापलेला असतो. सगळ्या बॉक्सवर तो एकच आहे ना ते माल उतरवतानाच बघा, बसवल्यावर नव्हे.

हे मी कुठून शिकलो? डिचोलीच्या माझ्याच घरी. देवाच्या खोलीला चार टाइल्स कमी पडल्या. म्हटलं दुकान आपलं, नंतर आणू. दोन महिन्यांनी आणल्या, नाव तेच, शेड दुसरी. रात्री दिव्यात काही कळत नाही. चवथीला सकाळी पूर्वेचं ऊन आत येतं तेव्हा माटोळीखालचा, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात त्या चौकटीखालचा, चार टाइल्सचा चौकोन स्वच्छ पिवळट दिसतो, आणि दरवर्षी कुणीतरी पाहुणा विचारतोच, इथे पाणी मुरतंय का म्हणून.

उरलेले बॉक्स परत घेता का?

न उघडलेले, आणि बिल घेऊन लवकर आलात तर घेतो. सगळी दुकानं घेत नाहीत, आधी विचारून ठेवा. एक बॉक्स मात्र परत करू नका. उद्या नळवाल्याने बाथरूम फोडलं तर तीच शेड तुमच्याच माळ्यावर हवी. माळा मजबूत आहे का तेवढं बघा, बॉक्स पंचवीस-तीस किलोंचा असतो. आडवा ठेवू नका, उभा ठेवा.

व्हॉट्सअॅपवर माप पाठवलं तर चालेल?

चालेल. खोलीचं हाताने काढलेलं चित्र पाठवा. चारही भिंतींची मापं वेगवेगळी लिहा, 'समोरची तेवढीच असेल' असं धरू नका. दारं कुठे, किती रुंद, भिंत किती जाड तेही लिहा. फूट आणि इंच यांच्यामध्ये टिंब देऊ नका, '९ फूट ११ इंच' असं अक्षरात लिहा. शनिवारी संध्याकाळी पाठवलंत तर उत्तर सोमवारी मिळेल.